हात आपले, गल्ला कुणाचा?

सिंदी मेघे काय किंवा वर्धा शहराभोवतीची दुसरी कुठलीही वस्ती काय, आपल्या मुलामुलींना हस्तकलेचा धंदा सुरू करायचा म्हटलं की दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. पहिला सरकारी किंवा संस्थेचा माणूस. तो म्हणतो, "कला तर तुमच्या रक्तातच आहे, परंपरेचा धंदा पुढे न्या." दुसरा आपलाच कार्यकर्ता. तो म्हणतो, "बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडायला सांगितली आणि तुम्ही पुन्हा टोपल्या विणायला बसता?" दोघेही चुकतात. कसे, ते पाहू.

पहिल्या सल्ल्याची मुळं आपल्या वर्ध्यातच आहेत. १९३४ साली इथल्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्याच वर्षी बाबासाहेबांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध झालं. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यात त्यांनी ठणकावून सांगितलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर दिलं, त्यात वर्णाचा नियम म्हणजे प्रत्येकाने वाडवडिलांच्या धंद्यावर पोट भरणं, अशी भूमिका मांडली. ग्रामोद्योगाचं गोडवं गाणाऱ्यांनी हा इतिहास कधी सांगितला आहे का?

ती भाषा आजही मेलेली नाही. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना आणली. १८ धंदे, अवजारांसाठी १५ हजार रुपये, ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. कागदावर वाईट काहीच नाही. पण योजनेचं उद्दिष्ट वाचा: गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा बळकट करणे! न्हाव्याच्या पोराने वस्तरा आणि चांभाराच्या पोराने आरीच धरावी, हेच याचं सरळ मराठी भाषांतर. तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. घराण्याचा धंदा असण्याची अट काढा, ही त्यांची मागणी होती. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव उठताबसता घेणारा महाराष्ट्र मात्र गप्प राहिला.

मग पैसा नाकारायचा का? मुळीच नाही. तो जनतेचा पैसा आहे, हक्काने घ्या. त्याच्यासोबत येणारं वंशपरंपरेचं जोखड मात्र घेऊ नका.

आता आपल्या कार्यकर्त्यांकडे वळू. बाबासाहेब महार वतनाविरुद्ध लढले, कारण ते काम जन्माने लादलेलं होतं आणि त्याचा मोबदला गावाच्या मर्जीवर होता. हाताने काम करणं हलकं आहे, असं ते कधीच म्हणाले नाहीत. जुलूम होता तो सक्तीत आणि फुकटच्या राबण्यात. आपली मुलगी स्वतःच्या निवडीने, स्वतःच्या किमतीने बांबूचा दिवा बनवून विकत असेल, तर ती गावकी करत नाही, व्यवसाय करते. एम.ए. करून कंत्राटी नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुणाला "धंदा नको, नोकरी कर" म्हणणं सोपं आहे. नोकरी आहे कुठे?

आता आपल्याच बाजाराकडे बघा. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोक येतात. बुद्धमूर्ती, लॉकेट, बिल्ले, पंचशीलाचे ध्वज, फ्रेम यांची प्रचंड विक्री होते. पण यातला बराच माल घाऊक बाजारातून येतो. गिऱ्हाईक आपलं, श्रद्धा आपली, रस्त्यावर बसून विकणाराही बहुतेक वेळा आपलाच. बनवणारा आणि मधला नफा खाणारा मात्र दुसराच. वर्ध्याहून नागपूर रेल्वेने दीड तासावर असताना ही बाजारपेठ आपण का सोडायची?

मात्र उतरायचं तर हिशेबाने. बचत गटाच्या बैठकीत मी हे गणित नेहमी मांडते. समजा, एका पिशवीला ९० रुपयांचं कापड लागलं. ती प्रदर्शनात १५० ला विकली. बाई म्हणते, ६० रुपये सुटले. पण तिचे तीन तास गेले. ४०० रुपये रोजाने, आठ तासांचा दिवस धरला, तर त्याचे १५० होतात. धागा, पॅकिंग आणि भाडं मिळून २० रुपये. म्हणजे खर्च २६० आणि तोटा ११० रुपये! स्वतःची मजुरी न धरणं म्हणजे वेठबिगारीच. फरक इतकाच की इथे पाटील नाही, आपणच आपल्याला राबवतो.

आणि 'संपूर्ण हाताने बनवलेलं' या शब्दांना भुलू नका. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जगणं नाही, हे बाबासाहेबांनी गांधीवादाचा समाचार घेताना १९४५ सालीच लिहिलं होतं. मोटारीची शिलाई मशीन घ्या, बांबू चिरायचं यंत्र घ्या.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, आजच करा. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, असं २०१२ चं धोरण सांगतं. आपण नोंदणीच केली नाही, तर हे ४ टक्के मागणार कोण? आणि मागितल्याशिवाय देणार कोण?

म्हणून कार्यकर्त्यांना सांगणं आहे: पुढच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेऐवजी वस्तीतल्या चार मुलींना मशीन घेऊन द्या आणि स्वागताच्या शाली, स्मृतिचिन्हं त्यांच्याकडूनच पूर्ण दाम देऊन घ्या. परंपरेचे कारागीर व्हायला आपल्याला शेकडो वर्षं शिकवलं गेलं. मालक व्हायला आपणच एकमेकांना शिकवायचं आहे.

जय भीम!