इशारा विहिरीतून येतो

सोयाबीनची रास उरकली, तवा रात्री जयंत नारळीकरांची 'हिमप्रलय' ही विज्ञानकथा वाचली. मुंबईत बर्फ पडतो, माणूस टिकतो का नाही अशी वेळ येते. एक शास्त्रज्ञ आधीपासून सांगत असतो, पण कुणी मनावर घेत नाही. शेवटी रॉकेटं सोडून उपाय करावा लागतो.

कुणी म्हणंल, शेतकऱ्याला असल्या कल्पनेचा काय उपयोग? माझं मत, आपल्यालाच जास्त. एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ते आपलं रॉकेट. पण धनेगावचं मांजरा धरण काय एका रात्रीत आटलं नव्हतं. २०१४ आणि २०१५, दोन्ही साली पाऊस कमी झाला होता. बोअर खोल चालले होते, तरी रानात ऊस उभा होता.

आपला इशारा विहिरीतून येतो. दिवाळीला परस मोजा, मगच ऊस का हरभरा-करडई ते ठरवा. हरभरा दोन पाण्यावर निघतो, ऊस वर्षभर पितो.

तुमच्या विहिरीला आज किती परस पाणी आहे? गावाच्या नावासहित खाली लिहा.