आपत्कालाचे पंचांग

मृगाच्या सरी कोसळल्या की शेतकरी पाभर बाहेर काढतो आणि त्याच सुमारास तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाचे रुग्ण येऊ लागतात. पुढे कपाशीवरची फवारणी वाढते, तसे घामाने निथळणारे, लाळ गळणारे, धाप लागलेले मजूर येतात. ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणी यंत्रात बोटे जातात. दिवाळीनंतर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर उतरतात आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉलीवर आदळलेले दुचाकीस्वार रात्री कॅज्युअल्टीत आणले जातात. थंडीत दम्याचे रुग्ण, लग्नसराईत जेवणातून झालेली विषबाधा, मे महिन्यात उष्माघात. तातडीचा रुग्ण केव्हा येईल हे कोणाला सांगता येत नाही, असे सर्रास म्हटले जाते. एका रुग्णापुरते ते खरे आहे, एका रुग्णालयापुरते मात्र नाही. आपत्कालालाही पंचांग असते आणि ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टी रजिस्टरमध्ये वर्षानुवर्षे लिहिले जात आहे. ते वाचून त्याप्रमाणे माणसे आणि औषधे ठेवण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

महिन्यांसारखाच घड्याळाचाही हिशेब आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे वार्षिक अहवाल पाहिले तर देशात सर्वाधिक अपघात सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत होतात. मण्यार चावते ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, शब्द अडखळतात, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते की पान लागले असावे. बाळंतपणाच्या कळा काळवेळ पाहत नाहीत. याखेरीज सायंकाळी येणारा आणखी एक मोठा वर्ग आहे. दिवसभर रोजंदारीवर असलेला माणूस ताप अंगावर काढतो, कारण सकाळच्या ओपीडीला यायचे तर मजुरी बुडते. तो येतो अंधार पडल्यावर, तेव्हा बाह्यरुग्ण विभागाला कुलूप लागलेले असते. मग कॅज्युअल्टी हीच त्याची ओपीडी होते. ‘साध्या तापालाही लोक रात्री येतात’ अशी तक्रार डॉक्टर करतात, तिच्या मुळाशी मजुराची ही अडचण आहे.

आता माणसांची वाटणी पाहा. रुग्णालयाची सारी शक्ती सकाळच्या ओपीडीभोवती एकवटलेली असते. रात्री बहुतेक ठिकाणी एकच वैद्यकीय अधिकारी असतो. सोबत एक-दोन सिस्टर आणि एखादा शिपाई. प्रसूतीच्या खोलीत तोच, अपघाताच्या जखमा शिवायला तोच, पोलिसांसाठी एमएलसीचे (वैद्यकीय-न्यायिक प्रकरणांचे) कागद भरायलाही तोच. त्यातच दारात सर्पदंशाचा रुग्ण आला तर काय करायचे? निकषांप्रमाणे असे ३० खाटांचे रुग्णालय सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात ८० हजार लोकसंख्येसाठी असते. तेथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असावेत, असेही निकष सांगतात. पण केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार २०२१-२२ मध्ये देशभरात या पातळीवर तज्ज्ञांची तूट सुमारे ८० टक्के होती. म्हणजे कागदावर चार तज्ज्ञ आणि रात्री हजर एक एमबीबीएस किंवा बीएएमएस डॉक्टर.

सर्पदंश हे या दुरवस्थेचे सर्वांत बोलके उदाहरण. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित आजारांच्या यादीत केला. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट दिल्लीत गाठले जाणार नाही. ते तालुक्याच्या कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता गाठले जाईल किंवा हुकेल.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविष लस आपल्याकडे आहे. काचेच्या कोरड्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे स्थिर ठेवायचे. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा परिणाम ओळखता येतो. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मग रुग्णाला पुढे का पाठवले जाते? कधी लस संपलेली असते. पण अनेकदा ती कपाटात असते आणि ती टोचण्याची भीती असते. लसीची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. ती आली आणि रुग्ण दगावला तर एकट्या डॉक्टरसमोर संतापलेला जमाव उभा राहतो. अॅड्रेनालिन हाताशी असेल आणि ते कसे द्यायचे याचा सराव असेल तर बहुतेक रिअॅक्शन आटोक्यात येतात. पण सराव कोणी करून घ्यायचा? मग ‘जिल्ह्याला न्या’ हे वाक्य सोपे पडते. जिल्ह्याच्या वाटेवरच्या दोन तासांत मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू बंद पाडते.

‘पुढे न्या’ म्हणण्याची ही सवय कायद्याच्या कसोटीवरही उतरत नाही. पश्चिम बंगालमध्ये १९९२ साली हकीम शेख हा शेतमजूर रेल्वेतून पडून जबर जखमी झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवल्यावर एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला दाखल करून घेतले नाही आणि अखेर खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग होय. पैशांची चणचण ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. त्याआधी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात, जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसी सोपस्कार नंतर, असा दंडक घालून दिलेला होताच.

तरीही ओझे वरवर सरकत राहते. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालके होती. आजूबाजूच्या ठिकाणांहून रुग्ण अत्यवस्थ अवस्थेत, शेवटच्या घटकेला येतात, असे तेव्हा सांगण्यात आले. महाराष्ट्र त्या वेळी नांदेडकडेच बघत राहिला. आलेला रुग्ण त्याआधीच्या रात्री कुठे होता, कोणत्या रुग्णालयाने त्याला काय दिले आणि काय न देता पाठवले, हे प्रश्न मागे पडले. जिल्ह्याची गर्दी कमी करायची असेल तर तिचा उगम तालुक्यात शोधावा लागेल. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर धावत आहेत. त्यांनी असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद. पण तालुक्याची रुग्णवाहिका तालुक्यातच उपचार होऊ शकणाऱ्या एका रुग्णाला घेऊन सत्तर किलोमीटरवर गेलेली असते, तेव्हा गावात अडलेल्या बाईसाठी ती उपलब्ध नसते. एका अनावश्यक रेफरची किंमत दुसराच कोणी मोजतो.

नोंदी डोळसपणे वाचल्या तर काय घडते, याचा दाखला याच मातीत आहे. रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे बारकाईने टिपली. घामाने भिजणे, हातपाय गार पडणे, मग फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू, हा क्रम त्यांनी ओळखला. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले. हे काम कोणत्या महागड्या यंत्राने केले नाही. खाटेशेजारी बसून ठेवलेल्या टिपणांनी केले.

उलट दाखला यवतमाळचा. २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि मजूर पावसाळ्यातच रुग्णालयांत येऊ लागले होते. यंत्रणा खडबडून जागी झाली ती मृत्यूंच्या बातम्या पसरल्यावर. त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा बळी गेला. एकाच हंगामात, एकाच कामावरून, एकसारख्या लक्षणांचे रुग्ण येत असल्याचे तालुक्याच्या रजिस्टरवरून त्याच आठवड्यात कळू शकत होते. कळवण्याची जबाबदारी कोणाची, हेच ठरलेले नव्हते.

म्हणून आमची मागणी मोठ्या इमारतींची नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाने कॅज्युअल्टीतील रुग्णांचा वार, वेळ, महिना, गाव आणि कारण यांचा गोषवारा दर तीन महिन्यांनी तयार करावा आणि रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवावा. दुसरी, त्या गोषवाऱ्यानुसार ड्युट्या लावाव्यात. जून ते ऑक्टोबर या काळात सायंकाळपासून सकाळपर्यंत दोन वैद्यकीय अधिकारी असलेच पाहिजेत आणि आठवड्यातून काही दिवस तरी ओपीडी मजूर कामावरून परतल्यानंतर चालली पाहिजे. तिसरी, प्रतिविष लस, अॅट्रोपिन, निओस्टिग्मिन, अॅड्रेनालिन, प्राझोसिन आणि ऑक्सिजन यांचा साठा हंगामापूर्वी, मे महिन्यातच पोचावा. चौथी, कोणताही रुग्ण पहिले उपचार दिल्याशिवाय आणि पुढच्या रुग्णालयाला फोन केल्याशिवाय हलवू नये. त्याचे पुढे काय झाले, ही माहिती पाठवणाऱ्या डॉक्टरकडे लेखी परत यावी. आज ती येत नाही आणि त्यामुळे चूकही समजत नाही.

डॉक्टर मिळत नाहीत, हा आक्षेप येईल. तो खरा आहे. पण आहेत ते डॉक्टर चुकीच्या वेळी हजर ठेवण्याला टंचाईचे कारण पुरत नाही. शिवाय एकाकी रात्रपाळी हेच डॉक्टर खेड्यात न टिकण्याचे एक मोठे कारण आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, परंतु रात्री दोनला डॉक्टरच्या बाजूने उभा राहणारा सुरक्षारक्षक नाही. सोबत सहकारी, हाती औषध आणि दाराशी संरक्षण असेल तर तोच डॉक्टर लस टोचायला कचरणार नाही.

जबाबदारी गावाचीही आहे. सर्पदंश झाल्यावर जखम कापणे, विष चोखणे, दोरीने घट्ट आवळणे आणि मांत्रिकाच्या दारात तास घालवणे थांबले पाहिजे. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला सरळ रुग्णालयात न्यावे. गाव हे तेव्हाच ऐकेल, जेव्हा रुग्णालयात गेल्यावर उपचार मिळतात असा त्याचा अनुभव असेल.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, हे स्वागतार्ह. पण रात्री डॉक्टर आणि औषध नसेल तर मोफतपणाला अर्थ उरत नाही. आरोग्यमंत्र्यांनी प्रत्येक तालुक्याचे गेल्या वर्षीचे कॅज्युअल्टी रजिस्टर मागवावे आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी त्यावरून ड्युट्यांचे नवे वेळापत्रक जाहीर करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही. हे झाले नाही, तर पुढच्या पावसाळ्यातील मृत्यूंना दैवाचे नाव देण्याचा अधिकार सरकारला राहणार नाही.