पश्चात्ताप कुणाच्या दारात?

सवर्ण साहित्यिकांना हल्ली पश्चात्तापाची ढाळ लागलीय. आपली कविता वाचून त्यांची म्हणे झोप उडते. दिवाळी अंकात परिसंवाद भरतात. अपराधभाव, आत्मपरीक्षण, वेदनेशी नाते, असले शब्द छापून येतात. मी सूतगिरणीत रात्रपाळी करणारा माणूस. मला झोप येते. म्हणून या जागरणाचा मला संशय येतो.

मागे एका हॉलमध्ये कविता वाचली. खाली उतरलो तर एका प्राध्यापकांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे ओले. म्हणाले, ‘आम्ही सगळे गुन्हेगार आहोत.’ मी म्हटलं, ‘सर, मी खोली शोधतोय. तुमच्या सोसायटीत भाड्यानं मिळेल का?’ सरांनी हात सोडले. म्हणाले, ‘माझं काही नाही हो, पण सोसायटीतले लोक...’

बघा, दोन मिनिटांत ‘आम्ही सगळे’ गेले आणि ‘सोसायटीतले लोक’ आले. ‘आम्ही सगळे गुन्हेगार’ म्हणणारा माणूस स्वतः सुटलेला असतो. गुन्ह्याला नाव असतं, गाव असतं, दिवस असतो. कुणाचं काय घेतलं आणि कधी परत देणार, हा हिशेब असतो. हिशेब नसलेला पश्चात्ताप म्हणजे जेवण झाल्यावरचा ढेकर.

आता मी आपल्याच माणसाबद्दल बोलणार आहे, रागावू नका. सम्राट अशोक. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, तो दिवस अशोक विजयादशमीचा. अशोकाचं चक्र देशाच्या झेंड्यावर आहे. कलिंगच्या लढाईनंतर त्यानं तेरावा शिलालेख कोरून घेतला. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख हाकलून नेली, त्याच्या कितीतरी पट मेली, आणि याचं मला दुःख होतं, असं त्यात लिहिलंय. जिंकलेल्या राजानं आकडे देऊन कबुली द्यावी, ही लहान गोष्ट नाही. किती राजांनी दिली?

पण हा लेख कुठे कोरलाय? गिरनारला आहे. कालसीला आहे. पार तिकडे पाकिस्तानात शाहबाझगढी आणि मानसेहऱ्याला आहे. कलिंगात नाही! कलिंगात धौली आणि जौगड या दोन ठिकाणी अशोकाचे लेख आहेत, पण त्यात तेरावा गाळलाय. त्या जागी दुसरे लेख आहेत. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, अधिकाऱ्यांनी कुणाला विनाकारण कैदेत टाकू नये, छळू नये, असं त्यात आहे. चांगलंच आहे ते. पण ज्यांची माणसं मेली त्यांना ‘मी मारली’ हे सांगितलं नाही. राज्यकारभाराची काही गरज असेल. जखम चाळवू नये असंही वाटलं असेल. आणि त्याच तेराव्या लेखात रानातल्या लोकांना बजावलंय, की मला दुःख झालं तरी माझ्या हातात ताकद आहे, तेव्हा सुधरा, नाहीतर मारले जाल.

अशोकाला खाली खेचायचं म्हणून मी हे लिहीत नाही. आपल्या माणसालाही प्रश्न विचारता आला पाहिजे, नाहीतर आपण भक्त झालो. माझा प्रश्न सरळ आहे. पश्चात्ताप कुणासमोर सांगितला? ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर, की लांबच्या लोकांसमोर?

याच्या शेजारी अंगुलिमाल ठेवा. मज्झिम निकायात त्याचं सुत्त आहे. माणसं मारणारा हा दरोडेखोर भिक्खू झाला. पुढे श्रावस्तीत भिक्षेला गेला तर त्याला दगड बसले, काठ्या बसल्या. डोकं फुटलं, भिक्षापात्र फुटलं, चीवर फाटलं. तसाच रक्तबंबाळ तो बुद्धाकडे आला. बुद्धानं त्याच्यासाठी गावाची समजूत घातली नाही. त्यालाच सांगितलं, सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. ज्या मुलखात मारलं त्याच मुलखात तो वाडगं घेऊन फिरला. त्याचा पश्चात्ताप मला कळतो.

महाडलाही हे दोन्ही नमुने सापडतील. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. कागदावर! कागदाला तहान लागत नाही. तीन वर्षं कुणाला पाणी पिता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा आपल्या लोकांवर काठ्या पडल्या, आणि मग तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं शुद्ध केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावही मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

आणि त्याच महाडला, २५ डिसेंबर १९२७ ला, मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी. जन्मानं ब्राह्मण. त्यांनी कुठल्या हॉलमध्ये डोळे पुसले नाहीत. आपल्या लोकांमध्ये उभे राहिले आणि स्वतःच्या जातीला ज्या पोथीनं मोठेपण दिलं तीच जाळायला निघाले. सवर्णांना पश्चात्ताप करताच येत नाही, असं मी म्हणत नाही. येतो. पण त्याला किंमत पडते.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता माझं ऐका.

दोन अंकांपूर्वी याच पानांवर माझी एक कविता आली होती. गिरणीत पंजा तुटलेल्या कामगाराची. तुम्ही ती उचलून धरलीत, सभेत तीनदा वाचायला लावलीत. त्या कवितेत यंत्र होतं, भांडवलशाही होती, मनू होता. एक माणूस मात्र नव्हता. मी.

तो कार्डिंग खात्यात माझ्याबरोबर होता. मातंग समाजातला, कंत्राटी. जॉबरनं त्याला चालू मशीनचं झाकण काढून साफ करायला सांगितलं, बंद केलं तर माल कमी पडेल म्हणून. मी चार हातांवर उभा होतो. ऐकलं. मग हात गेला आत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्यापुढे कागद आला: कामगारानं स्वतःच्या मर्जीनं झाकण काढलं. मला कायम करतो म्हणाले. मी सही केली. कायम काही केलं नाही, तो भाग वेगळा. केलं असतं तरी सही तीच होती.

मग मी कविता लिहिली. मला वाटलं, फेडलं. दोस्तांनो, मी माझा तेरावा शिलालेख गिरनारला कोरला होता.

सहा महिन्यांनी त्याच्या घरी गेलो. तो माझ्याकडे बघेना. त्याच्या आईला कविता वाचून दाखवली. म्हातारीनं शेवटपर्यंत ऐकली. मग म्हणाली, ‘लेका, चांगली असंल. पर कोर्टात ती चालत न्हाई. तुझी सही चालती.’

एवढंच. ना शिवी, ना रडणं. मी म्हटलं, ‘मावशी, चुकलो.’ ती म्हणाली, ‘मला काय सांगतोस? जज्जाला सांग.’

आपण बौद्ध झालो, शिकलो, लिहायला लागलो. म्हणून आपले हात धुतलेले आहेत असं समजू नका. मातंग, मेहतर, आपल्या घरातल्या बाया, यांच्या दारात आपण कधी उभे राहिलो? आपल्या मोर्च्यात ते किती, आणि आपल्या पंगतीत किती? सवर्णाला विचारतो तोच प्रश्न आपल्यालाही लागू आहे. नाही लावला तर आपला विद्रोह म्हणजे नुसती जागेची अदलाबदल.

भरपाईचा दावा चालू आहे. पुढच्या मंगळवारी तारीख आहे. मी साक्षीला उभा राहणार आहे. कागद खोटा आहे आणि सही माझी आहे, हे दोन्ही सांगणार आहे. काम जाईल. खोटी सही केली म्हणून आणखी काही मागे लागेल. लागू दे. त्याचा पंजा त्यानं परत येणार नाही, हे मला कळतं.

टाळ्या नकोत. ज्यांना यायचं त्यांनी मंगळवारी सकाळी कोर्टाच्या फाटकापाशी या. आणि ती कविता यापुढे कुठल्याही सभेत वाचू नका. तिच्यात माझं नाव घालीन, मग वाचा.

जय भीम.