डब्यात पुऱ्या, हातात क्लिकर

सुट्टीवर असताना शनिवारी सकाळी साडेसहाला उठायचं! कुठल्याही फ्रीलान्सरला विचारा, याच्याइतका घोर अन्याय नाही. पण मागच्या एप्रिलमध्ये आई आणि मी न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो आणि त्या शनिवारी भाचीच्या, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या चिऊच्या, लिटल लीगचा ओपनिंग डे होता. बेसबॉल सीझनचं उद्घाटन. उद्घाटन म्हणजे फीत कापायची, टाळ्या वाजवायच्या आणि अकरापर्यंत घरी, असा माझा भाबडा समज. जिजू डिकीत घडीच्या खुर्च्या, आइसबॉक्स, छत्र्या आणि ब्लँकेट कोंबायला लागले तेव्हाच मला कळायला हवं होतं. आईला कळलं. तिने गपचूप तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा भरला.

नऊ वाजता परेड. पुढे सायरन वाजवत आगीचा बंब, मागे लाल-निळ्या-पिवळ्या शर्टातल्या टीमच्या टीम. त्यात टी-बॉलवाली चिल्लीपिल्ली सॉलिड क्यूट. यांच्यासाठी चेंडू चक्क खांबावर ठेवतात आणि तरीही तो हुकतो!

"गणपतीची मिरवणूकच की गं ही," आई म्हणाली. "फक्त ढोल तेवढे नाहीत."

वर्गणीदारसुद्धा असतात बरं का. प्रत्येक टीमला गावातला कुणीतरी धंदेवाला स्पॉन्सर. 1939 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ यांनी लिटल लीग सुरू केली, तेव्हा पहिल्या तीन टीमचे स्पॉन्सर होते एक डेअरी, एक लाकूडवाले आणि एक प्रेट्झेलवाले. चिऊच्या पाठीवर एका डेंटिस्टचं नाव होतं. आणि हातात बुढ्ढी के बाल!

मग राष्ट्रगीत, शपथ, भाषणं, टीम फोटो, रॅफलची तिकिटं. आणि चिऊची मॅच? दीड वाजता. आम्ही खुर्च्या मांडल्या आणि पुऱ्या सोडल्या.

चिऊ तिच्या टीममधली एकुलती एक मुलगी. नाव नोंदवताना टेबलवरच्या बाईंनी प्रेमाने विचारलं होतं, "सॉफ्टबॉल ना?" ताई म्हणाली, "नाही, बेसबॉल." त्या रात्री तिने नेटवर शोधाशोध केली आणि तिला मारिया पेपे सापडली. ताईच्या घरापासून हार्डली तासाभरावरच्या होबोकनची मुलगी. 1972 मध्ये ती तिथल्या टीममधून तीन मॅच खेळली. मग लिटल लीगने टीमची मान्यताच काढून घेण्याची धमकी दिली आणि मारियाला बाहेर बसावं लागलं. महिला संघटनेने केस लढवली. 1973 मध्ये न्यू जर्सीत निकाल मुलींच्या बाजूने लागला आणि 1974 मध्ये लिटल लीगने आपला नियम बदलला. तोवर मारियाचं लीगमधलं वय उलटून गेलं होतं.

ताई हे सगळं एकदम कॅज्युअली सांगत होती. आई डब्याचं झाकण उघडझाप करत होती.

एकदाची मॅच सुरू झाली. इथला एक फंडा मला जाम आवडला. कुणाही पोराला नुसतं बेंचवर बसवून ठेवता येत नाही. प्रत्येकाला निदान एकदा बॅटिंग आणि सलग सहा आऊट होईपर्यंत फिल्डिंग द्यावीच लागते. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात दुखावू नये म्हणून चेंडूही मोजतात. नऊ-दहा वर्षांच्या पोरांना दिवसाला 75ची मर्यादा. मोजायला पालकच बसतात. त्या दिवशी क्लिकर ताईच्या हातात होता.

तिसऱ्या इनिंगला कोचने चिऊला पिचिंगला आणलं. बॅट्समन 46 फुटांवर. पहिला चेंडू बाहेर. दुसरा जमिनीवर. चार चेंडू चुकले की समोरचा फुकटात पहिल्या बेसवर जातो. चिऊने लागोपाठ तिघांना पाठवलं. टिक, टिक, टिक. ताईचा अंगठा तेवढा हलत होता. मागून एक बाबा पुटपुटले, "आता एखाद्या मुलाला द्या की."

आईचं इंग्रजी यथातथाच, पण तिने मान वळवून त्या गृहस्थांकडे असं काही पाहिलं की ते थेट आपल्या कॉफीत बघायला लागले.

सिनेमात असतं तसं पुढे काही झालं नाही. चिऊने एकाला आऊट काढलं, दोघांनी तिला धू धू धुतलं. चार रन गेल्या. मॅच हरलो. चिऊ डोळे पुसत बाहेर आली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली.

इथे थोडा फ्लॅशबॅक. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये ताई ओपनिंगला खेळायची. बाराव्या वर्षी एके दिवशी तिचं खेळणं बंद झालं. "आता मोठी झालीस," एवढंच कारण. मी तेव्हा खूप लहान होते. घरात पुन्हा कधी हा विषय निघालेला मला आठवत नाही.

"तुझी बॅट मी माळ्यावर टाकली होती," आई अचानक म्हणाली. चिऊच्या केसांतून तिचा हात फिरत होता.

"माहितीये," ताई क्लिकर शून्यावर आणत म्हणाली. "मी शोधली होती."

पुढे कुणीच काही बोललं नाही. जिजू उगीचच खुर्च्या मिटायला लागले. मी आइसबॉक्स उचलला. पाच वाजत आले होते, आम्ही सगळे धुळीने माखलेलो आणि नाकं उन्हाने लाल झालेली.

गाडीत चिऊने विचारलं, "मम्मा, उद्या प्रॅक्टिस मॅचला मी पिचिंग करू?"

"नाही. आज 28 टाकलेस. एक दिवस हाताला सुट्टी, तसा नियम आहे."

आईने मागच्या सीटवरून पुढे वाकून विचारलं, "एकच दिवस ना पण?"

"हो आई. एकच."

आईने डब्यातली शेवटची पुरी अर्धी केली. एक तुकडा चिऊला दिला. दुसरा, पुढच्या सीटवरच्या ताईला.