खंडेनवमीपर्यंत साच्यांचा हिशेब चुकता करा

गाड्यांचे सुटे भाग विकत घेणाऱ्या कंपन्यांच्या परचेस आणि डेव्हलपमेंट खात्यांतल्या साहेबलोकांना हा जाहीर इशारा आहे. भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या टूलरूममध्ये खंडेनवमीला मशिनांना झेंडूच्या माळा चढतील. दसऱ्याची सुट्टी संपून पुन्हा स्विच दाबला जाईल, तेव्हा ज्याची वेगळी लेखी ऑर्डर आणि आगाऊ रक्कम हातात नाही, असा एकही साचा मशिनवर चढणार नाही. जुन्या थकबाकीलाही तोवरच मुदत आहे. त्यानंतर फोन करून ‘अहो, आपले जुने संबंध’ म्हणू नका. जुन्या संबंधांनीच इथवर आणलंय.

हे मी माझ्या एका गाळ्यापुरतं बोलतो आहे. चार कारखानदारांनी मिळून दर ठरवणं कायद्याला चालत नाही, आणि मला त्याची गरजही नाही. शेजारच्यांनी आपापलं ठरवावं.

भांडण कशाचं आहे ते नीट ऐका, कारण तुमच्या खात्यात दर दोन वर्षांनी माणूस बदलतो आणि नव्या साहेबाला पहिल्यापासून सांगावं लागतं. नवा भाग काढायचा म्हणजे आधी ड्रॉइंगचा अभ्यास, मोल्ड फ्लो, साच्याचं डिझाइन. मग पोलाद, मशिनिंग, वायरकट, स्पार्क, पॉलिश. मग ट्रायल, ट्रायलला जाळलेला दाणा, सीएमएमचे रिपोर्ट, गेज, चेकिंग फिक्स्चर, पीपीएपीची जाडजूड फाइल. भाग दिव्याचा असेल तर एआरएआयमधल्या चाचणीचं शुल्क वेगळं. हे सगळे पैसे पहिला नग विकला जाण्याआधीच गेलेले असतात. पुढे एक नग विकला काय आणि लाख विकले काय, हा खर्च तेवढाच. तो एकदाच होतो, म्हणून तो एकदाच आणि वेगळा द्यायचा असतो. तुम्ही तो दरात लपवायला सांगता.

लपवल्यावर काय होतं ते सांगतो. हेडलॅम्पमागच्या एका ब्रॅकेटचा साचा आम्ही केला, खर्च १८ लाख. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, ‘टूलचे वेगळे पैसे मॅनेजमेंट देत नाही, भागाच्या दरात बसवा.’ वर्षाला ६०,००० नग, तीन वर्षं, म्हणजे १,८०,००० नग. नगामागे १० रुपये. भागाचा दर ३६, साच्याचे १०, एकूण ४६. कागदावर गणित गोड होतं. गाडी चालली नाही. ४१,००० नग गेले आणि शेड्यूल शून्यावर आलं. साच्याचे ४ लाख १० हजार सुटले. उरलेले १३ लाख ९० हजार कोण देणार, असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘व्हॉल्यूमची हमी आम्ही कधीच दिली नव्हती.’ खरंच दिली नव्हती. ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं की दिलेले आकडे फक्त अंदाजासाठी आहेत. म्हणजे साच्याचा वाटा काढताना तो आकडा पक्का, आणि पैसे द्यायची वेळ आली की तोच अंदाज!

त्या १८ लाखांसाठी ११ टक्क्यांनी कर्ज काढलं होतं. पहिल्या वर्षाचंच व्याज दोन लाखांच्या घरात गेलं. ते १० रुपयांत मी धरलंच नव्हतं. ती चूक माझी, तुमच्या माथी मारत नाही.

साच्याचा खर्च पोटात घेतलेला दुसरा एक भाग आहे. दर ५० रुपये, त्यातले १० साच्याचे. त्यावर तुम्ही वार्षिक ३ टक्के दरकपात मागितली. दीड रुपया कापला गेला, त्यातले ३० पैसे साच्याच्या पैशातून. ६०,००० नगांवर वर्षाला १८,००० रुपये. गेल्या वर्षी कापून झालेलं, ज्याचा हप्ता मी अजून भरतो आहे ते पोलाद यंदा ३ टक्क्यांनी स्वस्त कसं झालं, हे मला एकदा फळ्यावर मांडून दाखवा.

ड्रॉइंगच्या बदलांचं तर विचारूच नका. रिव्हिजन ‘सी’वर पोलाद कापलं, ट्रायल झाली, सॅम्पल गेलं, आणि मग मेल आला: रिव्हिजन ‘डी’, रिब दीड मिलिमीटर सरकवा. तुमच्या पडद्यावर ते माउसच्या एका ओढीचं काम. साच्यात मात्र रिब म्हणजे पोलादात कोरलेली खाच. सरकवायची म्हणजे नवी कोरायची आणि जुनी बुजवायची. कोरणं जमतं, पोलाद काढता येतं. बुजवायला पोलाद वाढवावं लागतं, आणि ते आपणहून वाढत नाही. तिथे वेल्डिंगनं भरायचं, मग पुन्हा मशिनिंग, पुन्हा स्पार्क, पुन्हा पॉलिश. नाहीतर ती जागाच कापून इन्सर्ट बसवायचा. आमचा पॉलिशवाला त्या वेल्डिंगच्या कडेवर दोन दिवस दगड घासत बसला होता. एवढं करून भागावर केसाएवढी फिकी रेघ उमटलीच, आणि तुमच्याच क्वालिटीवाल्यानं तिच्यावर नख ठेवून विचारलं, ‘ही कसली?’ ही तुमच्या रिव्हिजनची, साहेब. या बदलाचे पैसे मागितले तर म्हणालात, हा मूळ डेव्हलपमेंटचाच भाग धरा. म्हैस पाण्यात असताना मोल ठरवून घेता, आणि म्हैस बाहेर आल्यावर शिंगं बदलून मागता.

त्याहून वाईट म्हणजे मंजुरीचं भिजत घोंगडं. सॅम्पल दिलं, रिपोर्ट दिले, पाच महिने उत्तर नाही. हरकतही नाही, मंजुरीही नाही. मंजुरी नाही म्हणून साच्याचं बिल पुढे सरकत नाही. मात्र त्याच नामंजूर साच्यातले २,००० नग ‘ट्रायल लॉट’ म्हणून उचलले जातात आणि तुमच्या लाइनवर गाड्यांत बसतात. गाडीला चालतो तो भाग फाइलला का चालत नाही?

आता कायद्याचं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचं कलम १५ वाचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करारात ठरलेल्या दिवसापर्यंत द्यायचं, पण करारात काहीही लिहा, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जायचं नाही. तुमच्या ऑर्डरीवर छापलेले ‘९० दिवस’ तिथे टिकत नाहीत. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. कलम १६ प्रमाणे थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के झाले. १० लाखांवर एका वर्षात १ लाख ९५ हजारांच्या वर. हे व्याज कलम २३ मुळे प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा मिळत नाही. दावा कलम १८ खाली फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जातो, आणि कौन्सिलच्या निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायचं तर कलम १९ प्रमाणे आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. पण तेवढा काळ व्याज चढतच असतं.

२०२३ च्या वित्त कायद्यानं प्राप्तिकरात ४३बी(एच) आणलं. मुदतीत न दिलेलं आमचं बिल ज्या वर्षी खरोखर द्याल, त्याच वर्षी ते खर्चात धरता येतं. मार्चमध्ये तुमच्या अकाउंट्समधून गोड आवाजात फोन येऊ लागले ते तेव्हापासून. साचा तुम्ही भांडवली मालमत्ता म्हणून दाखवत असाल, तर ती कळ तुम्हाला लागणार नाही. तिप्पट व्याजाची मात्र लागेल.

थोडं आपल्या लोकांनाही सुनावतो. चाकण, वाळूज, अंबड, सातपूर, कुठेही जा, ‘साहेब, टूलचं बघू नंतर, आधी ऑर्डर द्या’ म्हणणारा आपल्यातलाच एक जण बाहेर बाकड्यावर बसलेला असतो. कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांचं पॅटर्नच्या बाबतीत हेच दुखणं. त्या एकाच्या जोरावर साहेब आपल्याला वाकवतो. उद्यम नोंदणी आज करा, भांडण झाल्यावर नव्हे. नोंदणीआधी दिलेल्या मालाला या कायद्याचं संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात सांगितलं आहे. मध्यम उद्योगात गेलात तर ४५ दिवसांचा हा हक्क तुमचा राहत नाही. आणि रागाच्या भरात साचा अडवून धरायची भाषा करण्याआधी १८७२ चा करार कायदा बघा. तुमच्याकडे ठेवलेल्या साच्यावर तुम्ही कसब आणि मेहनत घातली असेल, दुरुस्ती केली असेल, तर त्या कामाच्या मोबदल्यापुरता तो ताब्यात ठेवायचा हक्क कलम १७० देतं, करारात उलट लिहिलेलं नसलं तर. पण भागांची तीन वर्षांपूर्वीची बिलं वसूल करायला ग्राहकाचा साचा अडवता येत नाही. कलम १७१ चा तसा सरसकट हक्क बँकांसारख्या मोजक्यांनाच आहे. तो हवा असेल तर ऑर्डरमध्ये लिहून घ्यायचा असतो. आपण ऑर्डर वाचतो कुठे? दर बघतो आणि सही ठोकतो.

तर साहेबलोकहो, आमच्या अटी ऐका. साच्याची ऑर्डर भागाच्या ऑर्डरपासून वेगळी निघेल. पन्नास टक्के आगाऊ आल्याशिवाय पोलादाची ऑर्डर जाणार नाही. तीस टक्के पहिल्या ट्रायलचे नग तुमच्या टेबलावर ठेवल्यावर, वीस मंजुरीला. मंजुरीसाठी १५ दिवस मिळतील. तेवढ्यात लेखी हरकत आली नाही तर साचा मंजूर. ड्रॉइंग गोठवल्याच्या तारखेनंतरचा प्रत्येक बदल, मग तो दीड मिलिमीटरचा असो की अर्ध्याचा, वेगळ्या कोटेशननं होईल आणि त्याला वेगळे दिवस लागतील. साचा कोणाच्या मालकीचा आणि तो पुरवायची जबाबदारी कोणावर, हे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा. जीएसटीचं ८ जून २०१८ चं परिपत्रकही साच्याची किंमत भागाच्या किमतीत धरायची की नाही हे करारातल्या याच जबाबदारीवरून ठरवतं.

दरात बसवायचाच हट्ट असेल, तर तेही करू, पण हमीच्या आकड्यावर, व्याजासकट. शेड्यूल थांबलं आणि आकडा भरला नाही, की उरलेली रक्कम ४५ दिवसांत एकरकमी. साच्याच्या वाट्याला वार्षिक दरकपात लागणार नाही. आणि आकडा पूर्ण झाल्या दिवशी ते १० रुपये दरातून मी स्वतः काढून टाकीन, तुम्ही मागायची वाट बघणार नाही. हे शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं आहे, कारण साच्याचे पैसे वसूल झाल्यावरही तोच दर वर्षानुवर्षं खाणारे कारखानदार मी पाहिले आहेत. तुमचा आमच्यावरचा संशय सगळाच खोटा नाही.

बंद पडलेल्या मॉडेलांचे साचे हा वेगळा ताप. ‘स्पेअरला लागेल, ठेवा’ म्हणून ठेवलेले, प्रत्येकी चारशे-पाचशे किलोचे सतरा साचे आमच्या मागच्या रॅकवर बसले आहेत. पावसाळ्यात दर महिन्याला ग्रीस लावावं लागतं, नाहीतर कॅव्हिटीला गंज धरतो. वर्षाला चाळीस-पन्नास नगांची ऑर्डर येते. तेवढ्यासाठी साचा उतरवायचा, गरम करायचा, पहिले दहा-बारा शॉट फेकायचे. ज्या साच्याला वर्षभर ऑर्डर नाही त्याचं भाडं खंडेनवमीपासून सुरू होईल. परवडत नसेल तर टेम्पो पाठवा, क्रेन आमची लावू, पावतीवर सही करून घेऊन जा.

थकबाकीचा तक्ता प्रत्येक कंपनीला पोस्टानं गेला आहे: साचा क्रमांक, ट्रायलची तारीख, सॅम्पलची पोच, रक्कम, आजवरचं व्याज. त्यातला एखादा आकडा चूक वाटला तर लेखी कळवा, मी बसून तपासायला तयार आहे. काहीच कळवलं नाहीत, तर सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी कौन्सिलचे अर्ज दाखल होतील. ते भरून तयार आहेत, फक्त तारीख टाकायची आहे. काळ्या यादीत टाकू म्हणून कोणी धमकावू नये. ज्या यादीत साच्याचे पैसे मिळत नाहीत, ती आत्ताही काही फार गोरी नाही.

हिशेबासाठी मी रोज संध्याकाळी चार ते सहा गाळ्यावर बसलेला असेन. येताना मिठाई नको, मूळ ऑर्डर आणि सगळ्या रिव्हिजनची ड्रॉइंगं घेऊन या. रिव्हिजन ‘सी’ विसरू नका.