मृत्युपत्राविना मागे राहिलेली जिंदगी

कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात अमात्य राजाला एक प्रकरण कळवतो. समुद्रमार्गे व्यापार करणारा एक धनिक जहाज फुटून मरण पावला. तो निपुत्रिक होता, सबब त्याचे धन राजकोशात जमा व्हावे. दुष्यंत ते लगेच मान्य करीत नाही. धनिकाच्या पत्नींपैकी कोणी गर्भवती आहे काय, याची आधी चौकशी करा, असे तो सांगतो. वारस शोधणे हे राजसत्तेचे काम आहे, एवढे त्याने गृहीत धरले होते.

आज ते काम कोणाचे? मृत्युपत्र न करता माणूस गेला तर मालमत्ता कोणाला मिळावी, हे कायदा तपशिलाने सांगतो. हिंदू पुरुषाच्या पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पहिल्या वर्गात स्थान आहे. (आईचाही वाटा असतो, हे अनेक सुशिक्षित घरांना ऐनवेळी कळते.) परंतु वाटप होईपर्यंत ती जिंदगी सांभाळायची कोणी? 1925च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार न्यायालय एखाद्या वारसाला प्रशासनपत्र देऊ शकते. अशा प्रशासकाने मालमत्तेची यादी करावी, देणी फेडावीत आणि मग वाटे द्यावेत. मात्र हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन आणि भारतीय ख्रिस्ती यांच्यावर हे पत्र घेण्याची सक्ती नाही. परिणामी ते क्वचितच घेतले जाते, आणि कपाटाच्या किल्ल्या ज्याच्या हाती तोच कारभारी ठरतो.

मग सुरू होते कागदांची शोधाशोध. न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र येणी व रोखे यांपुरतेच चालते. घर-जमिनीला ते लागू नाही. जमिनीचा फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. तमिळनाडूत तहसीलदार वारस दाखला देतो. महाराष्ट्रात तो न्यायालयाकडून, एल्फिन्स्टनच्या काळातील 1827च्या आठव्या विनियमाखाली मिळतो. दोनशे वर्षे होत आली तरी त्याला पर्याय सुचलेला नाही. नॉमिनी हा तर गैरसमजाचाच विषय. तो मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत 1983 मध्ये आणि शेअरबाबत 2023 मध्ये सांगितले. विम्यात 2015च्या दुरुस्तीने जवळच्या नातलगांपुरता अपवाद झाला, इतकेच. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. बँकेची सोय झाली. वारसांमधील हिशेब तिथेच राहिला.

31 मार्च 2024 अखेर दावा न केलेल्या ठेवींपोटी रिझर्व्ह बँकेच्या निधीत 78,213 कोटी रुपये पडून होते. ही सारी रक्कम मृतांची नव्हे, हे खरे. पण मृतांची किती हे वेगळे काढण्याची गरजही व्यवस्थेला वाटलेली नाही.

पैशांपेक्षा गंभीर बाब दुसरी आहे. महसूल खात्यातील माझ्या वर्षांत वारस नोंदीचे असंख्य अर्ज पाहिले. जो पहिला अर्ज करी, तोच वारसांची यादी देई, आणि त्या यादीतून लग्न झालेल्या बहिणी अलगद गळत. हरकतीसाठी नोटीस निघे, ती गावच्या चावडीवर लागे. बहीण दुसऱ्या जिल्ह्यात. 2005च्या दुरुस्तीने मुलीला दिलेला हक्क संसदेत नव्हे, या टेबलावर बुडतो.

नवा कायदा करण्याआधी हाती आहे ते वापरावे. 1963च्या कायद्याखाली राज्यांत महाप्रशासकाचे पद आहे, पण जिल्ह्याच्या गावी त्याचे नाव कोणी ऐकलेले नसते. त्याची कार्यालये जिल्ह्यांत हवीत. छोट्या जिंदगीची यादी त्यांनी करावी, देणी-घेणी पाहावीत, आणि सर्व मालमत्तेला चालेल असे एकच प्रमाणपत्र द्यावे. वाद असेल तेवढाच न्यायालयात जावा. 2023च्या दुरुस्तीने जन्म-मृत्यूंची राष्ट्रीय माहितीनोंद आलीच आहे. मृत्यूची नोंद होताना आई, पत्नी किंवा पती, मुलगे आणि मुली यांची नावे जन्मनोंदींवरून पडताळून घ्यावीत, आणि प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस तिच्या वा त्याच्या आजच्या पत्त्यावर जावी.