पंधराशे रुपयांत पाळणाघर बसत नाही

जानेवारी २०२५ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने एक शासन निर्णय काढला. शाळेच्या पोषण आहारात अंड्यासाठी आणि गोड पदार्थाच्या साखरेसाठी सरकार यापुढे वेगळा पैसा देणार नाही. ज्या शाळांना हे पदार्थ द्यायचे असतील त्यांनी लोकसहभागातून सोय करावी. आठवड्याला एक अंडं देण्याची ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली होती. जेमतेम सव्वा वर्ष टिकली.

'लोकसहभाग' हा शब्द ऐकायला मोठा गोड आहे. पण जिल्हा परिषदेच्या नाहीतर महापालिकेच्या शाळेत लोक कोण असतात? ज्यांना खासगी शाळा परवडते त्यांनी मुलं केव्हाच तिकडे नेली. उरले ते शेतमजूर, हमाल, गवंड्याच्या हाताखाली जाणाऱ्या बाया, भांडी-धुणी करणाऱ्या बाया, रिक्षावाले, फेरीवाले. म्हणजे ज्यांच्या घरात अंडं रोज शिजत नाही म्हणून ते शाळेत द्यायचं ठरलं, त्यांनीच वर्गणी काढून ते शाळेत पोचवायचं. याला सहभाग म्हणत नाहीत, याला ढकलणं म्हणतात.

कागलहून निपाणी अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. दोन्हीकडे माणसं मराठीच बोलतात, बाजार एक, सोयरीकही एक. पण निपाणीच्या सरकारी शाळेतल्या मुलाला आठवड्याचे सहा दिवस अंडं मिळतं; नको असेल तर केळं किंवा चिक्की. त्यातल्या चार दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन उचलतं हे खरं, पण उरलेल्या दोन दिवसांचा कर्नाटक सरकारच करतं. तमिळनाडूत आठवड्याला पाच अंडी देतात, त्याला आता बरीच वर्षं झाली. स्वतःला देशातलं सर्वांत श्रीमंत राज्य म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला एक झेपलं नाही. (अंडं शाकाहारी की मांसाहारी या वादात मला इथे शिरायचं नाही. ज्यांना नको त्यांच्यासाठी केळ्याची सोय मूळ योजनेतच होती.)

कुणी म्हणेल, एका अंड्यावरून एवढं काय? मुद्दा अंड्याचा नाहीच. सरकारी खर्च कमी झाला म्हणजे तो खर्च संपला, असा आपला समज असतो. तो संपत नाही. मूल तेवढंच असतं, त्याची भूक तेवढीच असते, त्याला सांभाळायला लागणारे तासही तेवढेच असतात. सरकारने काढून घेतलेलं काम दुसऱ्या कुणालातरी करावंच लागतं, आणि आपल्या घरांतून ते नव्वद टक्के वेळा आई करते. सरकारच्या वहीत ज्याला बचत म्हणतात ती तिच्या रोजगारातून कापलेली असते. फक्त तिच्या वहीत ती लिहिली जात नाही, कारण तिची वहीच नाही.

याचं सर्वांत ढळढळीत उदाहरण पाळणाघराचं आहे. हुपरीत घरोघरी बाया चांदीचं काम करतात. पट्ट्या जोडायच्या, घुंगरू लावायचे. इचलकरंजीत बाया कांड्या भरतात, कापडाचं मेंडिंग करतात. दोन्हीकडे पैसे नगावर. हात जितके चालतील तितके. आता हुपरीतल्या खोलीत एका बाजूला डाक द्यायची आग आणि दुसऱ्या बाजूला नुकतं रांगायला लागलेलं पोर अशी कल्पना करा. ती बाई दिवसातून किती वेळा उठत असेल, तेवढे नग कमी. इचलकरंजीत तर यंत्राच्या शेजारी बाळ ठेवताच येत नाही. मग ते सासूकडे, सासू नसेल तर आठ वर्षांच्या थोरल्या मुलीकडे. त्या मुलीची शाळा बुडते, ही आपल्याकडची पाळणाघराची खरी व्यवस्था आहे.

अंगणवाडी आहे की, असं उत्तर येतं. अंगणवाडीत मूल बसतं ते तीन वर्षांचं झाल्यावर, आणि बसतं ते चार-पाच तास. त्याआधीच्या मुलासाठी घरी न्यायचं आहाराचं पाकीट मिळतं. पाकीट मूल सांभाळत नाही. पहिल्या तीन वर्षांत, जेव्हा आईला कामावर परतायचं असतं, तेव्हा सरकार जवळजवळ गैरहजरच असतं.

असं नेहमीच नव्हतं. केंद्राची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना होती. ९० टक्के पैसा केंद्राचा, १० टक्के चालवणाऱ्या संस्थेचा. २०१७ च्या सुरुवातीला हे गणित बदललं. केंद्राने आपला वाटा ६० टक्क्यांवर आणला आणि ३० टक्के राज्यांवर टाकले. कागदावर योजना बंद झाली नाही. फक्त देशात तेवीस हजारांच्या आसपास असलेली पाळणाघरं २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आत आली. कुणी आदेश काढला नाही, कुणी राजीनामा मागितला नाही, दारं बंद झाली. २०२२ पासून 'पाळणा' नावाने योजना नव्याने आली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, देशभरात १७ हजारांचं लक्ष्य. म्हणजे लक्ष्य गाठलं तरी आपण जिथे होतो तिथे पोचत नाही.

आणि कारखान्यांवरची सक्ती? १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तर पाळणाघराची अट होती. २०१७ च्या प्रसूती लाभ कायद्यातल्या दुरुस्तीने ५० कामगारांच्या आस्थापनेला ती लागू केली. वाचायला छान. इचलकरंजीच्या गल्लीबोळांतल्या माग शेडमध्ये ५० माणसं मोजून दाखवा. हुपरीच्या बाईची तर आस्थापना म्हणजे तिचं स्वयंपाकघर.

प्रसूतीचीही तीच गोष्ट. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६ हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ पासून आलेल्या मातृवंदना योजनेने ५ हजार केले आणि तेही पहिल्या अपत्यापुरते. पुढे दुसऱ्या अपत्याला द्यायचं ठरलं, पण ती मुलगी असेल तरच. दुसरा मुलगा झालेल्या आईची बाळंतीण म्हणून मजुरी बुडत नाही, असं बहुधा दिल्लीत कुणाचं तरी मत असावं.

यात एकट्या आजच्या राज्य सरकारला झोडपून मी मोकळी होणार नाही. केंद्राच्या २०१५-१६ च्या मूळ अर्थसंकल्पात अंगणवाड्यांची तरतूद १८ हजार कोटींवरून ८ हजार कोटींच्या घरात आली, तेव्हा खुद्द तेव्हाच्या महिला-बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी तक्रार केली होती. कारण असं दिलं गेलं की चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा करातला वाटा वाढवलाय, त्यांनी भार उचलावा. केंद्राने राज्याकडे बोट दाखवलं, राज्य आता शाळेकडे दाखवतं, शाळा पालकांकडे. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये ठरला. सेविकेच्या मानधनातला केंद्राचा हिशेब २०१८ पासून ४५०० रुपयांवर थांबलेला. राज्याने त्यात भर घातली, पण सुखासुखी नाही. त्यासाठी डिसेंबर २०२३ पासून सेविकांना दीड महिन्याहून अधिक संप करावा लागला. त्याआधी २०१८ मध्ये याच बायांना सरकारने 'मेस्मा' लावायला काढला होता. पगार द्यायची वेळ आली की त्या स्वयंसेविका, संप केला की अत्यावश्यक सेवा!

आता येऊ लाडक्या बहिणीकडे. २०२४ च्या निवडणुकीआधी सुरू झालेल्या या योजनेला 'रेवडी' म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. आमच्या वस्तीत कित्येक बायांच्या आयुष्यात नवऱ्याला न विचारता काढता येणारे ते पहिले पैसे होते. कुणी मुलीची फी भरली, कुणी गहाण पडलेलं डोरलं सोडवलं. या पैशाची टिंगल करणाऱ्यांनी आधी स्वतःच्या आयकरातल्या सवलती मोजाव्यात.

पण १५०० रुपये म्हणजे दिवसाचे ५० रुपये. या पन्नासात बाजारात काय विकत मिळतं? दिवसभर मूल सांभाळणारं कुणी मिळत नाही. रोख रक्कम सेवेच्या जोडीला आली तर ती बाईच्या हातात ताकद देते; सेवेच्या बदल्यात आली तर एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतल्यासारखं होतं. नेमकं हेच होतंय. दिवाळीला शंभर रुपयांत मिळणारा आनंदाचा शिधा २०२५ मध्ये बंद झाला आणि अन्न व नागरी पुरवठा मंत्र्यांनीच लाडक्या बहिणीच्या बोजाकडे बोट दाखवलं. मग खुद्द बहिणीही कमी व्हायला लागल्या. २०२५-२६ साठी तरतूद ३६ हजार कोटींवर आली, आधी सांगितला जायचा तो खर्च ४६ हजार कोटींचा होता. जून २०२५ पासून २६ लाखांवर बायांचे पैसे थांबवले गेले. नंतर ई-केवायसी आली, नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारसह. नवऱ्याने टाकलेल्या बाईने ओटीपी कुणाच्या मोबाईलवर मागवायचा? निवडणुकीआधी बहिणींचे अर्ज भरून घेणारी आणि निवडणुकीनंतर कुणाच्या दारात चारचाकी आहे ते पाहायला पाठवलेली बाई एकच, अंगणवाडी सेविका. तेवढे दिवस मुलांना कोण शिकवत होतं, हा प्रश्न कोणत्याच परिपत्रकात नव्हता.

मे २०२५ मधली एक गोष्ट कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. लाडक्या बहिणीसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यानेच उघड नाराजी बोलून दाखवली. सामाजिक न्याय दिन आपण कधी पाळतो? २६ जूनला, शाहू महाराजांच्या जयंतीला. दसरा चौकातल्या पुतळ्याला हार घालायला सगळे पक्ष हजर असतात. याच शाहूंनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. दंड लावायचा नैतिक अधिकार त्यांना होता, कारण शाळेचा खर्च दरबार करत होता. त्या चौकाजवळ मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटीला शाहूंनी आधार दिला नसता तर आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतली किती पोरं शिकली असती? लोकसहभाग तिथेही होता, पण राजाने आधी स्वतःचा खजिना उघडला होता.

त्याच समाजातल्या पहिली ते आठवीच्या मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत शिक्षण मोफतच आहे. रक्कम लहान होती, पहिली ते पाचवीला वर्षाला हजार रुपये. दप्तर, वह्या, चपला यांना ती पुरायची. कायदा चपला देत नाही. अर्ज भरून झाले होते, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आयांनी दिवस मोडले होते, त्या दिवसांची मजुरी कुणी परत केली नाही.

पैसा नाही, हे उत्तर मला मान्य नाही. पैसा कुठे जावा यावर भांडण आहे, आणि त्या भांडणात इचलकरंजीची कांडीवाली बसलेली नाही. वरच्या सरकारांशी लढा लांबचा आहे. पण एक जागा अगदी जवळ आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते बहुतेक ठिकाणी हळदी-कुंकवाच्या वाणात, दोन शिलाई मशिनांत आणि एका प्रशिक्षणाच्या फोटोत संपतात. महिलांची ग्रामसभा दुपारी ठेवली जाते, नेमकी मजुरीच्या वेळेत. ती संध्याकाळी घ्यायला लावा, हिशेबाची वही मागा, आणि विचारा की त्या १० टक्क्यांत दोन खोल्या, दोन बाया आणि पंधरा पोरांचं दूध गेल्या पाच वर्षांत एकदा तरी का बसलं नाही.